रिटर्न म्हणजे परत नव्हे

ऑफिसातल्या काकांचा निरोपसमारंभ चार वाजता होता आणि साडेअकरालाच आमची साइट आडवी झाली. आठवड्यात तिसऱ्यांदा! दवाखान्यांच्या वेळा ठरवून देणारी साइट ती. थांबली की फोनवर फोन.

साहेब येऊन म्हणाले, "डेटाबेसची कनेक्शनं संपतायत. तो भाग काकांचा ना? वय झालं आता त्यांचं." तेही काकांना ऐकू जाईल अशा आवाजात! काकांनी मान खाली घालून एक कोरा कागद पुढे ओढला. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं मला हे काम बोटाला धरून शिकवलं, त्यानं जाताना हा डाग घेऊन जायचा? छे!

"चारच्या आत चूक शोधते," मी म्हटलं. "ज्याची निघेल त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. कबूल?"

"कबूल," साहेब म्हणाले.

गोष्ट साधी आहे. डेटाबेसशी, म्हणजे माहितीच्या कोठाराशी, बोलायला आम्ही वीस कनेक्शनं उघडून ठेवतो. साइटवर एका वेळी शंभर जणांची कामं चालतात, प्रत्येकाचा थ्रेड वेगळा. थ्रेडनं एक कनेक्शन उचलायचं, काम उरकायचं, जागेवर ठेवायचं. घरात सगळ्यांत मिळून एक चार्जर असतो ना, तसं. आमच्या घरी तो कधीच जागेवर नसतो, ते सोडा.

मी प्रत्येक कनेक्शनवर पाळत ठेवली: कोणी घेतलं, परत केलं का? साइट पुन्हा सुरू केली आणि जेवायलाही उठले नाही. दोन वाजता विसाच्या वीस कनेक्शनांवर एकच नाव: 'चिठ्ठी छापा'. वेळेची चिठ्ठी छापायचं ते बटण याच आठवड्यात आलेलं. लिहिलं कोणी? साहेबांनी! मूळचे विक्रीतले, पण कोड शिकायची भारी हौस.

मी तरातरा त्यांच्या खोलीत गेले. "घेतलेलं कनेक्शन परत कुठे केलंत?"

"हे काय!" त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'रिटर्न' होतं. "रिटर्न म्हणजे परतच ना?"

"अहो, त्यानं उत्तर परत जातं, कनेक्शन नाही! हे शिकवलं कोणी तुम्हाला?"

साहेबांनी शांतपणे भिंतीकडे बोट दाखवलं. नव्या लोकांसाठी लावलेला कागद, अक्षर माझं: 'कनेक्शन घेतलं की शेवटी रिटर्न करा.'

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. साहेब फिसकन हसले, मग मलाही आवरेना. काहीही बिघडलं तरी कनेक्शन सुटेलच, अशी ओळ आम्ही दोघांनी मिळून घातली. पाचशे थ्रेड एकदम सोडून पाहिले. शेवटी वीसही मोकळी! मी आनंदानं ओरडलेच.

चार वाजता साहेब उभे राहिले. "काका, चूक माझी होती. तुमचं नाव घेतलं, माफ करा."

"निम्मी माझी!" मी मध्येच म्हटलं.

 काकांनी खिशातून घड्या घातलेला कागद काढला. "अरे, मला वाटलं माझीच. साडेअकरापासून बसून माफीचं भाषण लिहिलंय. दुसरं काही तयारच नाही! आता बोलू काय?"

आणि हातात तो कागद घेऊन काका इतके हसले, इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आमचेही.