वाढत्या अंगाची बंदूक

१९९४ सालच्या दिवाळीनंतर आमच्या आबांनी घरातल्या माणसांना बंदुका घ्यायचं ठरवलं. आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार आकाराम, अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून कडेगावला परतलेले. उसात रानडुकरं शिरत होती हे खरं, पण कारण डुकरं नव्हती. सुभेदाराच्या घरात दुसऱ्या कुणाला नेम धरता येत नाही, हे त्यांना बोचत होतं. दुसऱ्या कुणाला म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, शंभूराजला. मी, राजेश्वरी, कराडच्या कॉलेजात एनसीसीत होते आणि तिथल्या रायफलीनं दहातल्या नऊ गोळ्या काळ्या गोलात घालत होते. पण ते कोण धरतंय?

आधी शिकण्यापुरती छऱ्याची बंदूक, हात बसला की लायसन काढून मोठी, असा त्यांचा बेत होता. आम्ही चौघं एसटीनं सांगलीला गेलो, लग्नाचा बस्ता बांधायला निघाल्यासारखे. दुकानदार शहाणा होता. म्हणाला, "दस्ता खांद्याला लावल्यावर बोट घोड्यापर्यंत सहज पोचलं पाहिजे. नवशिक्याला हलकी, अंगाला बसेल अशीच द्या." शंभू हातापायानं किरकोळ. आबांनी त्याच्यासाठी दुकानातली सगळ्यांत जड बंदूक उचलली.

"सुभेदार, ही त्यांना मोठी होतेय."

"हू द्या. वाढत्या अंगाची घ्यावी."

आमच्याकडे शाळेचा गणवेश, चपला, सायकल, सगळं असंच घेतात. पण चोविसाव्या वर्षी शंभूचं कोणतं अंग वाढायचं राहिलं होतं, ते आबांनाच ठाऊक. आईला सगळ्यांत हलकी मिळाली, माकडं हाकलायला. "आवं, माझ्या नुसत्या वरडण्यानं माकडं पळत्यात," आई म्हणाली, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मग दुकानदारानं मधल्या आकाराची एक माझ्या हातात दिली. ती खांद्याला अशी बसली की खाली ठेववेना.

"तिला नगं," आबा म्हणाले. "ती उद्या सासरी जाणार. तिकडचं तिकडं बघत्याल."

म्हणजे माझी बंदूक माझा सासरा पसंत करणार होता. मी ती काचेवर ठेवली आणि दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

त्याच आठवड्यात पुण्याच्या नेमबाजी शिबिरासाठी माझं नाव निघालं. फॉर्मवर पालकांची सही हवी होती. मला ते शिबिर इतकं हवं होतं की मी आबांपुढे हात जोडले.

"शंभूनं बांधावरचा डबा पाडला की सही," ते म्हणाले. "भावाच्या आदी भन नेमबाज झाली, तर लोकं काय म्हनतील?"

झालं, मी थोरल्या भावाची मास्तरीण झाले. शंभू घोडा ओढताना डोळेच मिटायचा. "राजे, मला ह्यो आवाज सोसत न्हाई गं," म्हणायचा. उसाला पाणी पाजावं तर त्यानंच, पण बंदूक हातात आली की त्याला घाम फुटायचा. पंधरा दिवसांत त्यानं एक बाभळ तेवढी जखमी केली.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी आबा मळ्यात खुर्ची टाकून बसले. बांधावर डालड्याचा डबा. शंभूनं घोडा ओढला आणि त्याच क्षणी बाजूच्या कडब्याच्या गंजीआडून मी आईची बंदूक चालवली. आईनंच ती गुपचूप आणून दिली होती. डबा खणकन पडला.

आबांनी डबा उचलून पाहिला. छर्रा समोरून नाही, बगलेतून घुसला होता. फौजेतल्या माणसाला तेवढं कळतं. त्यांनी गंजीकडे पाहिलं, मला हाक मारली आणि फॉर्म मागितला. सही करता करता हळूच म्हणाले, "शंभूनंच पाडलाय. काय?"

"व्हय," मी म्हणाले. सहीचा आनंद झाला आणि त्या होकाराची चीडही आली. गावात पेढे शंभूच्या नावानं वाटले गेले.

कराड स्टेशनवर सगळे मला पोचवायला आले. फलाटावर नानासो भेटले, आबांचे पलटणीतले दोस्त. त्यांच्या मुलीचं शंभूसाठी बोलणं चाललं होतं.

"पोरगी चाललीय शिबिराला," आबा छाती काढून म्हणाले. "भावानं शिकवलं. एका छऱ्यात डबा पाडतोय गडी!"

"असाच जावई पायजे," म्हणत नानासोंनी शंभूची पाठ थोपटली. मी गाडीच्या खिडकीत ओठ चावत बसले होते.

"न्हाई, नानासो," शंभू म्हणाला, इतक्या मोठ्यानं की हमालसुद्धा थांबला. "डबा राजीनं पाडला. मला बंदूक चालवता येत न्हाई, आन चालवायचीबी न्हाई."

नानासोंचा हात पाठीवरून खाली आला. "खरं का रं, आकाराम?"

गाडीनं शिट्टी दिली. आबांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. वाटलं, आता शंभूला सगळ्यांदेखत झाडणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला.

"खरं हाय," आबा म्हणाले. "चाळीस पावलांवरनं पाडला पोरीनं."

पावलं वीसच होती. आजवर आबांच्या सगळ्या थापा शंभूसाठी असायच्या. माझ्यासाठी मारलेली ही पहिलीच, आणि गाडी हलली तरी मला रडू आवरेना.