बावळटाची एन्ट्री

मुलुंडचे श्यामसुंदर केळकर आयुष्यभर क्लॅरिनेटवर राग वाजवत आले, आणि लोक आयुष्यभर त्यांना वरातीचं बुकिंग विचारत आले. त्यामुळे भाचा अनय जेव्हा म्हणाला, "मामा, तुझी क्लॅरिनेट कॉम्प्युटरमध्ये भरतो," तेव्हा त्यांना अमर झाल्यासारखंच वाटलं.

अनयच्या अंधेरीच्या स्टुडिओत त्यांनी एकेक सूर सुटा वाजवून दिला. हळू, जोरात, आखूड, लांब. जरा कुठे मींड घेतली, एक सूर घसरवत दुसऱ्यावर नेला, की काचेपलीकडून अनय ओरडायचा, "मामा, गाऊ नकोस ना, नुसता धर!" शेवटी सगळे सूर की-बोर्डच्या पट्ट्यांवर जाऊन बसले. आता ज्याला धड फुंकर मारता येत नाही, तोसुद्धा केळकरांची क्लॅरिनेट वाजवू शकत होता. श्यामसुंदरनी सोसायटीत पेढे वाटले.

अनयचं पोट मालिकांच्या पार्श्वसंगीतावर चाले. एका मालिकेत एक बावळट घरजावई होता. तो उंबऱ्यात अडखळला की अनयने की-बोर्डवर वाकवलेली, खालून वर घसरत जाणारी क्लॅरिनेट. त्याने चहात मीठ घातलं की पुन्हा तीच. घरजावई असा काही गाजला की इतर मालिकांनीही अनयकडून तेच सूर मागून घेतले, आणि बघता बघता सगळ्या वाहिन्यांवरची येडी माणसं श्यामसुंदरांच्या श्वासावर घरात शिरू लागली.

"मामा, तू हिट आहेस यार!" अनय म्हणाला. श्यामसुंदरनी त्याच्याशी अबोला धरला. त्यांच्या पत्नी वसुधाबाईंनी मात्र एकही भाग चुकवला नाही. तेवढाच नवऱ्याच्या कलेला हातभार.

अशात त्यांचे गुरू विद्याधरबुवा गेले. घाटकोपरला एका हॉलमध्ये शोकसभा ठरली. बुवांनी शिकवलेला करुण राग जोगिया त्यांच्या फोटोसमोर नीट वाजवावा, एवढं एकच श्यामसुंदरांना हवं होतं.

डोळे मिटून त्यांनी खालचा सूर लावला आणि अलगद वर नेला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग शेजारचा. मग आणखी कुणी, खोकल्याच्या मिषाने. श्यामसुंदरनी डोळे किलकिले केले. पहिल्या रांगेत वसुधाबाई तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. निदान हिला तरी कळतंय, या विचाराने त्यांना भरून आलं. त्यांनी सूर आणखी आळवला, तसा पदर सुटला. बाई हसत होत्या. आवरता येईना म्हणून बिचाऱ्या शरमेने लालबुंद झाल्या होत्या.

श्यामसुंदरनी वाद्य खाली ठेवलं. इतकं एकटं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

सभेचा संयोजक हर्षद धावत आला. "सॉरी हां काका, पब्लिकला सवय झालीय ना!" असं म्हणून त्याने आपला मोबाइल माइकपुढे धरला. मालिकेत कुणी मेलं की वाजते ती सनई, तीही कॉम्प्युटरचीच, सुरू झाली. हॉल चिडीचूप. मग रुमाल निघाले. मघाशी खिदळणारी रांग नाकं शिंकरू लागली. वसुधाबाई तर ढसाढसा रडल्या.

काय ही माणसं, लाज कशी वाटत नाही, असं खडसावायला श्यामसुंदरनी तोंड उघडलं. बुवा गेल्यापासून त्यांना एकदाही रडू आलं नव्हतं. ते आता, त्या मोबाइलच्या सनईवर, आलं.