तक्त्यामागची ओळ

मित्रांनो, मी रुग्णालयाच्या दप्तरखान्यातली एक जुनी फाईल आहे. माझ्या पोटात कपडे शिवणाऱ्या एका बाईचं आजारपण आहे. सुईत दोरा ओवता येईना म्हणून ती आली आणि तीन महिन्यांत गेली. माझ्या कपाळावर लिहिलं गेलं, 'मनाचा आजार'.

ते खरं नव्हतं. तापाच्या तक्त्यामागे परिचारिकेनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती. पुढे तो तक्ता फाटला. दप्तर सांभाळणारे काका मायाळू. त्यांनी खळ लावून तो पुठ्ठ्यावर चिकटवला. सगळे म्हणाले, "काकांचं काम म्हणजे काम!" मीही मिरवले. ओळ मात्र तक्ता आणि पुठ्ठा यांच्यामध्ये झाकली गेली.

वीस वर्षं मी धूळ खाल्ली. परवा डॉक्टरीणबाई आल्या. मेंदूचा एक दुर्मीळ आजार पूर्वीच्या कोणकोणत्या मृत्यूंत ओळखायचा राहिला, ते त्या शोधत होत्या. टेबलावर दोन गठ्ठे होते, 'नाही' आणि 'पुन्हा पाहा'. बाहेर बाकावर त्या कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी बसली होती, मांडीवर तान्हं बाळ घेऊन. हा आजार कधीकधी आईकडून मुलांत उतरतो, असं तिला कळलं होतं.

बाईंनी मला चाळलं. मला ओरडावंसं वाटलं, पण फायलीला कुठलं तोंड! त्यांनी मला 'नाही'वर ठेवलं.

गठ्ठा बांधायला काका आले आणि थबकले. "हा माझाच पुठ्ठा. बाई, या तक्त्यामागे काहीतरी खरडलेलं होतं."

"काका, आत्ता आठवतंय?"

"वीस वर्षं कुणी विचारलंच नाही हो!"

ओल्या कापसानं ते पुठ्ठा सोडवू लागले. मी फाटले तर? अक्षरं गेली तर? माझा जीव टांगणीला लागला. पण पेन्सिल टिकली होती. बाईंनी वाचलं, "मुलगी सांगते, टाळी वाजवली तरी आई सगळ्या अंगानं दचकते." मग त्या म्हणाल्या, "असं दचकणं ही तर याच आजाराची एक खूण!"

दारातून रडवेला आवाज आला, "हे मीच सांगितलं होतं. आठ वर्षांची होते. सगळे म्हणाले, तुला काय कळतं, गप्प बस." तिनं बाळाला घट्ट धरलं. "म्हणजे, मलाही?"

"अजून काहीच ठरलेलं नाही. पण आता नीट तपासू," म्हणत बाईंनी मला दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवलं. 

मित्रांनो, त्या मुलीसाठी मला अजून भीती वाटते. तुम्ही जुने कागद जरूर जपा, पण चिकटवण्याआधी उलटून पाहा. आणि एखादं मूल घाबरून काही सांगायला आलं, तर त्याला गप्प बसवू नका. लिहून ठेवा. पेन्सिलीनं का होईना.