म्हातारी आणि चिपाडाचा कागद

माझे वय लपवण्यात काही अर्थ नाही, मित्रांनो. मी एक जुनी छपाईची मशीन आहे, एकेचाळीस वर्षांची. जन्म जर्मनीतला. बोटीने बुएनाव्हेन्तुरा बंदरात उतरले आणि तिथून ट्रकवर दोरखंडांनी बांधून मला पाल्मिरा शहरात आणले. इथे जिकडे बघाल तिकडे ऊस. पाचट पेटवले की त्याची काजळी उडत छापखान्यात येते, आणि माझा चालक हेरिबेर्तो शिव्या देत ती पुसतो. मला 'म्हातारी' हे नाव त्यानेच ठेवले, तेही मी कोरी करकरीत असताना!

मी शाळेची पुस्तके छापली, जत्रेची पत्रके छापली, लग्नपत्रिका तर किती छापल्या असतील. पहिल्या वर्षी माझी छपाई बघायला महापौर आले होते. पुढे कौतुक ओसरले, पण काम थांबले नाही. पांढऱ्या कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे मी खात राहिले. तो कोणत्या झाडांचा, कुठल्या जंगलातला, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आज त्याचे वाईट वाटते.

मुलांची पुस्तके काढणाऱ्या यामिलेतबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. एके दिवशी त्या आल्या आणि मालकांना, म्हणजे लिसांद्रोंना, म्हणाल्या, "जंगलातल्या पाखरांचं पुस्तक काढायचं, आणि त्याच्यासाठी जंगलच तोडायचं? मला नाही पटत. यापुढे माझी सगळी पुस्तकं उसाच्या चिपाडाच्या कागदावर."

हेरिबेर्तो फिस्सकन हसला. "मुलं पुस्तक वाचतील का चोखतील? आणि मुंग्या लागल्या तर त्या तुम्ही निवडायच्या हं, बाई."

"लागू देत. मुंग्यांनाही वाचता येईल," बाई म्हणाल्या.

पुस्तक शनिवारी हवे होते. सोमवारी भर पावसात कागदाचा ट्रक आला. हेरिबेर्तोने तिथल्या तिथे वेष्टन फाडले आणि कागद माझ्यात भरला. झाले! कागदांच्या कडा लाटांसारख्या वाकल्या. दोन-दोन कागद एकदम चिकटून येऊ लागले आणि माझ्या रुळांत अडकून चुरगळू लागले. तीन दिवस हाच प्रकार चालला. हेरिबेर्तोने माझा एकूण एक स्क्रू पिळून पाहिला.

गुरुवारी मालक म्हणाले, "म्हातारीला आता नाही झेपत. काम बोगोताला पाठवतो. सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

"मग मलाही त्याच गाडीत टाका," हेरिबेर्तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

मी घाबरले, मित्रांनो. लोखंडालाही भीती वाटते.

दुपारी हेरिबेर्तोची थोरली बहीण नोहेमी त्याचे जेवण घेऊन आली. डोंगरात तिचे गुळाचे गुऱ्हाळ आहे. जमिनीवर पडलेला एक कागद तिने उचलला आणि बोटांनी चाचपला.

"हे चिपाडाचं ना? ट्रकातून काढलं की लगेच घातलंस?"

"मग काय पाळण्यात घालून झुलवू?"

"आम्ही चरकातून निघालेलं चिपाड तसंच चुलवाणात घालतो का रे? छपराखाली पडू देतो, मग जाळतो. पण तुला लहानपणापासून धीर म्हणून नाही!"

हेरिबेर्तोने भांडायला तोंड उघडले, आणि त्याची नजर कोठाराकडे गेली. पूर्वीचा पांढरा कागद कोठारात महिना महिना पडून असायचा, छापखान्याच्या हवेत मुरायचा. त्यामुळे तो मुरावा लागतो हेच कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते! हा कागद मात्र गार, दमट हवेतून थेट माझ्या पोटात आला होता. अजून न फोडलेले गठ्ठे हेरिबेर्तोने उचलून माझ्या शेजारी रचले.

"मालक, मला दोन दिवस द्या. याला हात लावायचा नाही."

मालक कुरकुरले, पण हो म्हणाले. ते दोन दिवस मी आणि तो कागद शेजारी शेजारी उभे होतो.

शनिवारी सकाळी त्याने वेष्टन काढले. कडा सरळ होत्या. पहिला कागद गेला. शंभरावा गेला. हजारावाही अलगद गेला, आणि त्यावर निळ्या-हिरव्या पाखरांचा थवा उमटला. हेरिबेर्तोने माझ्या गरम पत्र्याला कपाळ टेकले आणि तो ढसाढसा रडला. "चुकलो गं, म्हातारे." पुस्तकासाठी आलेल्या यामिलेतबाई ओल्या शाईचा कागद हातात धरून नुसत्याच हसत होत्या. मालकांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितले. मला केवढे हायसे वाटले!

आता मी चिपाडच खाते, आणि मन हलके आहे. मित्रांनो, पुस्तक हाती आले की त्याचा कागद कशाचा, हे एकदा विचारत जा. आणि एखादे जुने माणूस किंवा जुनी वस्तू नव्यापुढे अडखळली, तर लगेच निकामी ठरवू नका, दोन दिवस थांबा. माझ्यासाठी कुणीतरी थांबले, म्हणून आज मी तुमच्याशी बोलते आहे.