पाड्यावरचा पंप

नट एवढासाच, पण हिरवा... विहिरीवरच्या पंपाला होता तसला तेलकट हिरवा रंग त्याच्या कडांना अजून चिकटलेला. नवऱ्याच्या धुवायच्या पँटच्या खिशातून तो दगडावर पडला, आणि निर्मलानं मूठ मिटली. असेल गाडीचा. पण रविंद्रची मोटारसायकल काळी आहे, हेही मनानं लगेच सांगून टाकलं.

पंप ग्रामपंचायतीनं पाड्यासाठी बसवलेला. होळीनंतर तो विहिरीवरून गेला. दुरुस्तीला नेलाय, रविंद्र म्हणाला होता. कुठे, ते तिनं विचारलं नाही... आणि परवा हायवेवर अच्छाडच्या एका ढाब्यामागे झाडांना धो धो पाणी सुटलेलं दिसलं, तेव्हा रिक्षात तिनं मान फिरवली—म्हणजे संशय तेव्हाच आला होता की काय? सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं म्हणून ती सरपंच. खुर्ची हिची, जीभ नवऱ्याची, असं गाव हसत म्हणायचं. तिलाही ते सोयीचंच वाटायचं, खोटं कशाला बोला.

दुपारी महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा. पाड्यावरच्या बायका ओढ्यावर हंडे भरून, घरी ठेवून तशाच आलेल्या, लुगडी खांद्यावर ओली. ग्रामसेवक भाऊसाहेब चहाच्या कपात बघत होते. रविंद्र त्यांच्या कानाशी काही बोलला, की नुसता वाकला? शुक्री उठली. विहिरीशेजारीच तिचं घर.

“पंप कुठं हाय?”

रविंद्र उभा राहिलाच. निर्मलाला नेहमीसारखं हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली. आता दुरुस्ती, आता पार्ट मिळत नाही... तो बोलेल, लोक पांगतील.

“मला काय विचारता? सरपंच ती आहे,” तो म्हणाला. “तिला विचारा.”

चार वर्षांत पहिल्यांदा. आणि खाली बसलाही, किती निवांत—हे वाक्य त्याला आज सुचलेलं नाही. निवडणुकीचा अर्ज भरायला तलासरीला नेलं, वाटेत भजी खाऊ घातली, तुला काहीच करावं लागणार नाही म्हणाला, आणि मी हसले... तेव्हापासून तयार होतं का ते?

बायका तिच्याकडे बघत होत्या. सकाळपासून ती रविंद्रकडे जशी बघत होती, अगदी तशाच.

“बोल ना बाय,” शुक्री म्हणाली.

निर्मला उठली. आपण काय बोलणार हे तिला ठाऊक नव्हतं. पण रविंद्रनं झटकन वर पाहिलं, आणि त्यालाही ते ठाऊक नाही, एवढं तिला कळलं.