हिरवा हौद

कोकंद शहरातून परतताना सय्योराच्या ओठांवर सारखं 'शुकर, शुकर' असे देवाचे आभार होते. तिथल्या मिठाईवाल्याने तिची चिमूटभर निळी पूड थंड सायीत कालवली, बोटाने चाखली आणि म्हणाला, "महिन्याला दोन किलो दे. पहिली खेप नवरोजच्या सणाआधी. उशीर झाला तर दुसरा बघेन."

आमच्या रिश्तानात निळा रंग पैशाला पासरी. पण तो कुंभारांच्या ताटांवरचा, खायचा नव्हे! सय्योराचा खायचा होता. शेजारच्या वीटभट्टीचा धूर नळीने आणायचा, गाळून गार करून हौदात सोडायचा. त्यातला कर्बवायू खाऊन बारीक नीलहरित शेवाळ वाढायचं आणि त्यातून ही निळाई निघायची. त्या धुराला सरावायला शेवाळाने सात महिने घेतले. मधे कितीदा मेलं, कितीदा नव्याने सोडलं, ते एक अल्लाच जाणे.

फाटकातच खराट्यांचा आवाज कानी आला आणि ती धावतच आत गेली.

हौद रिकामा. तळ चुन्याने पांढराफेक. शेवाळाचं बियाणं राखलेल्या पाच बरण्यासुद्धा घासूनपुसून उन्हात उपड्या!

"आलीस? आरशासारखा केलाय बघ!" मोहल्ल्याचे वडीलधारे तुर्सुनओता कमरेवर हात ठेवून हसले. "नवरोजचं हशार! म्हटलं, बाप नसलेल्या पोरीचा हौद आधी. काय ती घाण गं! सकाळपासून उपसतोय."

हशार म्हणजे सगळ्या आळीने मिळून एकाचं काम फुकट उरकायचं. त्यावर रागवायचं कसं?

"ओता, हिवाळ्यात तीनदा सांगितलं होतं तुम्हाला. ते पीक आहे म्हणून."

"सांगितलंस खरं. मला वाटलं, घाणीच्या लाजेपोटी बोलतेस."

"पाणी कुठे सोडलंत?"

"जर्दाळूंना. बहर बघ आता कसा येतो!"

ती तोंड उघडणार, तोच आईची हाक आली, "सय्योरा, ओश उतरवलाय! हातांवर पाणी घाल सगळ्यांच्या!" म्हणजे सात महिने बुडवणाऱ्यांना वर गरमागरम पुलावाने मानाने जेवूही घालायचं. दात आवळून तिने सुरई उचलली. एकेका हातावर पाणी ओतताना तिची नजर खाली गेली, तर त्यांच्या नखांच्या कडा हिरव्या.

ती थबकली. मग उंबऱ्याकडे धावली.

बाहेर रबरी बुटांची रांग होती. हौदात उतरताना पाणी आत शिरलेलं. सय्योराने बरणी घेतली आणि एकेक बूट त्यात रिकामा करायला लागली.

"अगं, माझ्या बुटात काय शोधतेस?" ओता खिडकीतून ओरडले. "मोजे देऊ का?"

आत हशा पिकला.

"द्या!" तिचा आवाज फाटला. "सगळ्यांनी द्या! पिळून, ह्याच बरणीत!"

हशा विरला. दाढीवाले बाप्ये गुपचूप उठले आणि अंगणात ओळीने उभे राहून मोजे पिळू लागले. बरणी चार बोटंही भरली नाही. पाणी हिरवट, गढूळ.

"एवढ्याने भागेल?" ओतांनी हळूच विचारलं.

"जगलं तर. नवरोजला नाही. गिऱ्हाईक गेलं."

जेवण झाल्यावर ओतांनी दुव्यासाठी हात वर केले. "या अल्ला, ह्या बरणीत बरकत घाल. आणि आम्हाला कान दे."

"आमीन," सय्योरा इतक्या जोरात म्हणाली की आईने डोळे वटारले. बरणी तिने काखेतून काढली नाही. शेजारची खोला, म्हणजे मावशी, बरण्या पुसलेलं ओलं, हिरवट फडकं त्यात पिळायला घेऊन कधीची जवळच उभी होती.