छत्तिसाव्या वर्षाच्या आधी

चिठ्ठीवर वयाच्या रकान्यात चौतीस लिहिलेलं होतं आणि चाराच्या आकड्याचं पोट शाईनं भरून काळं झालं होतं. सुलोचना त्या काळ्या ठिपक्याकडेच बघत राहिली. बाकीचं एकदा वाचून झालं होतं – स्त्रियांच्या छातीच्या कर्करोगाचं तपासणी शिबिर, गुरुवार १७ नोव्हेंबर १९८३, सकाळी नऊ, जिल्हा परिषदेची शाळा, वडनेर – आणि खाली तिचं नाव, नवऱ्याच्या नावासकट, जराही खाडाखोड न करता लिहिलेलं.

"पण हे त चाळिशीच्या वरच्या बायांसाठी हाये ना?" तिनं विचारलं. आवाज ठीक निघाला.

दवाखान्याच्या नर्स कमलाबाई ओसरीवर टेकून पाणी पीत होत्या. पेला खाली ठेवत म्हणाल्या, "हो, चाळिशीच्या वरच्याच. पण ज्यायच्या घरी आधी कोणाले झालं असन, आईले, बहिणीले, त्यायले डाक्टर लवकर बोलावून राह्यले. भेवाचं काई नाई वहिनी. हातानं पाह्यते फक्त. बाईच डाक्टर हाये."

आईले... कोणी सांगितलं तुम्हाला, असं विचारायचं होतं. पण कमलाबाई पिशवी उचलून पायऱ्या उतरल्याही. फाटकातून वळून म्हणाल्या, "येजा बरं. चुकवू नोका."

कोणी सांगितलं? तिचं माहेर आष्टीचं, जिल्ह्याच्या त्या टोकाला. इथल्या कोणाचा तिकडे जाण्यायेण्याचा संबंध नाही. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि ते असतानाही आईबद्दल सगळ्यांना एकच सांगायचे – मुदतीचा ताप आला आणि देवका गेली. लग्न जमलं तेव्हा तेच सांगितलं, सासूबाई जिवंत असताना सुलोचनानं स्वतःच्या तोंडानं तेच सांगितलं, लेकीला, नलूला, शाळेत आजीवर निबंध लिहायचा होता तेव्हाही तेच. इतक्यांदा सांगितलं की कधीकधी तिला खरंच आई तापानं फणफणलेली दिसायची, कपाळावर मिठाच्या पाण्याची घडी...

घड्या होत्या, पण कपाळावर नाही. बाबांच्या जुन्या धोतराच्या. आई त्या लुगड्याच्या पदराआड, डाव्या बाजूला धरून ठेवायची आणि बदलल्या की बारा वर्षांची सुलोचना त्या मागच्या विहिरीवर धुवायची, उन्हात न घालता ज्वारीच्या कोठीमागे वाळत टाकायची. कडुनिंबाचा पाला उकळला तरी वास जायचा नाही. शेजारच्या बायका नाकाला पदर लावून यायच्या आणि लवकर उठायच्या. आई हात धरून सांगायची, "कोणाले सांगू नोको. बाईची जात आपली." आणि दाराआड वैद्यांना बाबा सांगत होते ते ऐकलं होतं – छत्तिसावं सरता सरता गाठ हाताला लागली, वर्षभर बोललीच नाही हो ही.

छत्तीस. तेव्हापासून तो आकडा तिच्यात मुक्कामाला आला होता. कुठल्या देवासमोर बोलली नव्हती, पण ठरलेलं होतं – छत्तीसपर्यंत बघायचं नाही, चाचपायचं नाही, त्याबद्दल विचारही करायचा नाही. न्हाणीत गडवा खांद्यावरून रिता करायचा, साबण मानेला, हातांना, पोटाला. मधला भाग पाण्यानंच धुवायचा. सोळा वर्षांच्या संसारात कोणाच्या लक्षात आलं नाही. छत्तीसला अजून दोन वर्षं होती. तोवर नलूची दहावी झाली असती. दोन वर्षं माझी होती, मी एकेक करून वापरणार होते... आणि ही बाई येऊन ओसरीवर पाणी पिऊन ती घेऊन गेली.

भात करपला. दुसरा टाकला.

दुपारी घरात कोणी नव्हतं. ती न्हाणीत गेली, कडी लावली, अंधारात उभी राहिली. दिवाळीपासून डाव्या काखेत ओढल्यासारखं व्हायचं. फराळाचं जातं ओढल्यामुळे, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. जातं ठेवून तीन आठवडे झाले होते. तिनं वरचं हुक काढलं. दुसरं काढलं. तिसऱ्यावर बोटं थांबली आणि हलेनात, दुसऱ्या कोणाची असावीत तशी. असेल तर? नसेल तर? नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा... आणि असेल तर नलूला मागच्या विहिरीवर... नाही. नाही. तिनं भराभर हुकं लावली, एक चुकलं, पुन्हा काढून लावली, आणि बाहेर येऊन उगाच अंगण झाडलं. सकाळी झाडलेलंच होतं.

जाऊ नये. गुरुवारी हिंगणघाटला जावं, नात्यातल्या मंदाबाईंच्या सुनेला बघायला. शिबिरवाल्यांना काय, यादीतलं एक नाव कमी. पण यादीत नाव होतं. आता ते होतंच. उद्या नलूला बघायला पाहुणे आले आणि त्यांच्यातल्या कोणी या कमलाबाईंनाच विचारलं...

दिवेलागणीला वासुदेवराव कापडाचं दुकान बंद करून आले. पाय धुतले, पाटावर बसले. तिनं ताट वाढलं आणि ताटाशेजारी कागद ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. एवढ्यावरूनच तिला कळलं.

"तुमी सांगतलं," ती म्हणाली.

त्यांनी घास मोडला, तोंडात घातला नाही. "शिबिराच्या फलकाले कापड न्याले आलती कमलाबाई. म्हणे, कोणाच्या घरी असन त सांगा. मी सांगून देलं."

"तुमाले कोणी सांगतलं?"

"तुया बाबानं. लग्नाच्या कुंकवाच्या आधी. मले एकट्याले बाजूले नेलं न सांगतलं. म्हणे, जवाईबुवा, घरात कोणाले सांगू नका, पण तुमाले फसवत नाई."

सोळा वर्षं. ती भिंतीला टेकली. तिला आठवू लागलं – ताप आला की हा माणूस कपाळाला हात लावायच्या आधी विचारायचा, कुठं दुखत त नाई ना? अंधारात कधी त्याचा हात थांबायचा, एका जागी, क्षणभर जास्त. ती त्याला माया समजायची. मग काय होतं ते? तो मोजत होता? तोही मोजत होता?

"मंग मले काऊन नाई सांगतलं, तुमाले ठाऊक हाये म्हणून?"

"तू बी त नाई सांगतलं."

ते रागानं बोलले नाहीत. मान खाली घालून ते भाताची शितं बोटानं ताटाच्या कडेला सारत राहिले. तिला वाटलं होतं, आपलं कोणी उघड्यावर आणलं तर आपण त्याला कधी क्षमा करणार नाही. तो राग ती शोधत राहिली. होता, पण तो उचलायला हातात ताकद नव्हती.

"मले भेव लागते हो," ती म्हणाली. सोळा वर्षांत हे वाक्य तिनं या घरात उच्चारलं नव्हतं.

"मले बी," ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी धीर दिला नाही, काही होत नाही म्हणाले नाहीत, आणि त्यानं तिचा उरलासुरला आधारही गेला. आतापर्यंत भीती तिची एकटीची होती, तिला हवी तशी दडपून ठेवता येत होती. आता ती दोघांच्या मध्ये पाटावर येऊन बसली होती.

नलू कंदिलाची काच पुसत दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. चौदा वर्षांची, आईसारखीच रुंद खांद्यांची, पोलक्यात न मावणारी.

"माय, आजी कायनं गेलती?"

वासुदेवरावांनी वर पाहिलं. सुलोचनाच्या जिभेवर ताप आला, बावीस वर्षं घासून गुळगुळीत झालेला, आपोआप. तो शब्द बोलून टाकला की हे पोर निजायला जाईल, आणि उद्या न्हाणीत गडवा उचलेल, साबण मानेला लावेल, हातांना... कोणी शिकवलं नसतानाही शिकलं असेल आतापर्यंत.

"इकडं ये," ती म्हणाली.

नलू जवळ बसली. तिच्या हाताला रॉकेलचा वास होता. सुलोचनानं तो हात धरला, आणि आईनं आपला असाच धरला होता हे ध्यानात येताच सोडावासा वाटला, पण सोडला नाही.

"तुया आजीले ताप नव्हता आला," ती म्हणाली.

पुढचे शब्द अजून सापडत नव्हते. सकाळपासूनची भीती कणभरही कमी झाली नव्हती. फक्त आईचं 'कोणाले सांगू नोको' आता तिला अडवत नव्हतं. नलू वाट पाहत होती. गुरुवारला अजून दोन दिवस होते आणि सुलोचना श्वास घेऊन पुढचं वाक्य शोधू लागली.